दर्शन झालं काय?

जपानहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात ज्या ज्या भेटल्या, त्या सगळ्यांनी एकच विचारलं, "काय काय बघितलंस?" मग मी फोन पुढं करायची आणि देवळं, बागा, वस्तुसंग्रहालयं असं सगळं बोटानं सरकवत दाखवायची. वेगळा प्रश्न एकीनेच विचारला. माझ्या आईने. तिला आम्ही सगळी आव्वा म्हणतो. वय ८४, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तिला फोटो दाखवायचा प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन आलीस, दर्शन झालं काय गं?"

"झालं की," असं मी बोलून गेले. पण नंतर वाटलं, आपण विचार न करता उत्तर दिलं. बघितलं पुष्कळ. त्यातलं दर्शन कोणतं? काही ठिकाणी मूर्ती समोर होती आणि दर्शन झालं नाही. काही ठिकाणी मूर्ती दिसलीच नाही आणि तरी काहीतरी झालं. हा लेख म्हणजे आव्वाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. त्यात थोडी तक्रार आहे, ती जपान्यांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त.

सुरुवात तोक्योपासून करते. उएनोच्या बागेत तिथलं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात एका बाजूला होर्युजी या देवळाच्या ठेव्यासाठी वेगळी इमारत आहे. तानिगुची योशिओ या वास्तुकारानं बांधलेली, १९९९ साली उघडलेली. समोर उथळ पाणी, त्यावरून जाणारी वाट, आत अंधार आणि गारवा. होर्युजी नारा शहराजवळ आहे, मग तिथल्या मूर्ती इकडं तोक्योत कशा? त्याचं असं झालं, की १८६८ साली नव्या मेइजी सरकारनं शिंतो देव आणि बौद्ध देव वेगळे करा असा हुकूम काढला. शेकडो वर्षं हे दोन्ही एकाच आवारात सुखानं नांदत होते. हुकुमाच्या मागोमाग बौद्ध देवळांची तोडफोड झाली, जमिनी गेल्या, उत्पन्न आटलं. होर्युजीची छपरं गळायला लागली. शेवटी १८७८ साली देवळानं आपल्या तीनशेहून जास्त वस्तू राजघराण्याला दिल्या आणि त्या बदल्यात १०,००० येन मिळाले. त्यातून दुरुस्त्या झाल्या. थोडक्यात, देवळानं देव देऊन छप्पर वाचवलं. 

त्या दालनात वीतभर-दीडवीत उंचीच्या ब्राँझच्या मूर्ती आहेत, सोन्याचा मुलामा अजून कुठं कुठं चमकतो. प्रत्येकीला स्वतंत्र काचेची पेटी, वरून नेमका प्रकाश. बहुतेक सातव्या शतकातल्या. अशा लहान मूर्ती घरात रोजच्या पूजेला ठेवण्यासाठी करत, म्हणजे आपल्या देवघरातल्यासारख्याच. त्यांच्यात एक लहानसा समूह आहे, मायादेवीचा. लुंबिनीच्या बागेत झाडाची फांदी धरायला तिनं उजवा हात वर केलाय, आणि त्या हाताच्या रुंद बाहीतून बाळ बाहेर येतंय, हात जोडून. शेजारी तिच्या सख्या. मी तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. आपल्याकडं पंचकल्याणक प्रतिष्ठेत तीर्थंकरांच्या मातेला सोळा स्वप्नं पडतात, आपल्यातलीच एखादी बाई माता होऊन बसते, आणि तिला बघायला आपण पुढच्या रांगेसाठी भांडतो. इथं आईच्या बाहीतून डोकावणारं बाळ बघून तेच आठवलं. पेटीला चारी बाजूंनी वळसा घालता येत होता. मायादेवीची पाठसुद्धा दिसली. देवळात मूर्तीची पाठ कोण दाखवतंय?

म्हणून संग्रहालयाला नावं ठेवायच्या आधी त्याचं देणं कबूल करायला हवं. तिथं सोवळं नाही, रांग नाही, तू कोण कुठली असं विचारणारा कुणी नाही. तिकीट काढलं की बाई-पुरुष, जपानी-परदेशी सगळे सारखेच जवळ. देवळानं ज्यांना शतकानुशतकं लांब ठेवलं, त्यांना संग्रहालयानं हातभर अंतरावर आणलं.

पण काहीतरी तुटलंही आहे. पेटीजवळच्या पाटीवर धातू, शतक आणि उंची आहे. एवढ्यात ओळख पुरी होते. एकेका मूर्तीला एकटं करून उजेडात ठेवल्यावर ती सुंदर दिसते, फार सुंदर दिसते, पण तिच्याशी करायचं असं काही उरत नाही. तिला फूल नाही, दिवा नाही, पाणी नाही. आपणही तिथं फक्त डोळे असतो. हात मागं बांधून, आवाज बंद करून फिरायचं. एक म्हातारी जपानी बाई मात्र एका पेटीसमोर थांबली, पर्स काखेत दाबली आणि पटकन हात जोडून पुढं गेली. चोरून काही केल्यासारखं. संग्रहालयाचा गुण आणि दोष दोन्ही मला त्या बाईत दिसले. ती तिथं पोहोचू शकली, पण हात जोडताना तिला अवघडल्यासारखं झालं.

तिथून पुढं मी होर्युजीला गेले, जिथून त्या मूर्ती आल्या. देवळाच्या पूर्वेकडच्या आवारात युमेदोनो नावाची अष्टकोनी वास्तू आहे. युमेदोनो म्हणजे स्वप्नमंदिर. आत उभी कॅनॉन आहे, म्हणजे आपल्या भूमीतून तिकडं गेलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. कापराच्या लाकडातली, सोन्याचा वर्ख दिलेली, माणसाएवढी उंच. ही मूर्ती शेकडो वर्षं कुणालाच दाखवत नव्हते. कापडात गुंडाळून बंद ठेवलेली. १८८४ साली अर्नेस्ट फेनोलोसा हा तोक्योच्या विद्यापीठात शिकवणारा अमेरिकन प्राध्यापक आणि त्याचा जपानी सहकारी ओकाकुरा सरकारी हुकूम घेऊन आले आणि उघडा म्हणाले. पुजारी नको नको म्हणत होते. उघडलं तर भूकंप होईल, देऊळ पडेल, अशी त्यांना भीती होती. फेनोलोसानं स्वतः हा प्रसंग लिहून ठेवलाय. गुंडाळलेलं कापड शेकडो हात निघालं, धूळ उडाली, आणि आतून ती मूर्ती निघाली. भूकंप झाला नाही.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी शोधाची, विजयाची म्हणून सांगतात. फेनोलोसा आणि ओकाकुरा यांनी जपानची कला वाचवण्यासाठी खूप केलं, हे खरंच आहे. जुन्या देवळांच्या रक्षणाचा कायदा १८९७ साली झाला, त्यामागं अशाच माणसांची धडपड होती. तरी मला त्या पुजाऱ्यांची बाजू कुणी नीट मांडलेली दिसली नाही. त्यांना आपण भोळे म्हणून सोडून देतो. पण त्यांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी न बघता त्या मूर्तीची सेवा केली होती. आपल्यासाठी काही शिल्लक न ठेवता राखण केली होती. परिग्रह सोडायच्या गोष्टी आपण रोज ऐकतो. बघण्याचा परिग्रह सोडणारी माणसं आपण कधी पाहिलीत काय?

आता युमेदोनोची दारं वर्षातून दोनदा उघडतात, वसंतात आणि शरदात, महिनाभर. मी गेले ते एप्रिलचे दिवस होते, म्हणून मिळालं. जाळीतून बघायचं. आत अंधुक. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मागचे लोक ढकलत नाहीत, पण थांबलेत हे कळतं. हळूहळू सोनेरी उभा आकार वर येतो, हातात मणी धरलेला, ओठांवर हसू. सगळा तपशील मला दिसला नाही. तोक्योतल्या पेटीपुढं सगळं दिसलं होतं. पण इथं डोळ्यांना वाट बघावी लागली, आणि त्या वाट बघण्यानं मी खरोखर मूर्तीसमोर उभी राहिले. सगळं उघडं आणि सगळं झाकलेलं यांच्यात काढलेली ही तडजोड मला चांगली वाटली.

पण पूर्ण झाकलेला देवसुद्धा मी अनुभवून आले, नागानो शहरात. तिथं झेन्कोजी नावाचं मोठं देऊळ आहे. आत्ताचं मुख्य मंदिर १७०७ सालचं. इथल्या अमिदा बुद्धाच्या मूर्तीची कथा ऐकून मी चकित झाले, कारण ती सुरू होते वैशालीत. आपल्या महावीरांची वैशाली! तिथल्या एका कंजूष श्रीमंताची मुलगी साथीत आजारी पडली. बाप बुद्धाला शरण गेला, अमिदाच्या कृपेनं मुलगी बरी झाली, आणि मग जांबूनद सोन्याची मूर्ती घडवली. ती कोरियामार्गे जपानात आली, अशी श्रद्धा. इतिहास म्हणून हे कुणी सिद्ध करणार नाही. पण त्या वैशालीच्या मुलीचा पुतळा नागानोच्या रेल्वे स्टेशनसमोर उभा आहे. आपल्या बिहारातली एक आजारी पोरगी त्या थंड डोंगराळ गावात लोकांच्या स्वागताला उभी, हे बघून घशात काहीतरी आलं.

ती मूर्ती कुणालाही दिसत नाही. यात्रेकरूला नाही आणि मोठ्या पुजाऱ्यालाही नाही. सहा वर्षांच्या अंतरानं मोठा उत्सव होतो, तेव्हा तिच्याजागी तिची प्रतिकृती दाखवतात. त्या प्रतिकृतीच्या हातापासून एक दोरी निघते, ती देवळाबाहेर उभारलेल्या उंच लाकडी खांबाला बांधतात, आणि लोक त्या खांबाला हात लावतात. खांबाला लागलं म्हणजे हाताला लागलं. आत शिरताच पिंडोल भारद्वाजांची लाकडी मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तोच भाग चोळायचा अशी तिथली रीत. चोळून चोळून चेहरा इतका झिजलाय की नाक-डोळे ओळखू येत नाहीत. संग्रहालयवाल्यांनी याला नुकसान म्हटलं असतं.

मग ती अंधारी वाट. मुख्य वेदीच्या खाली भुयारासारखा रस्ता आहे. पायऱ्या उतरल्या की काळोख. डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखंच. उजवा हात कमरेइतक्या उंचीवर भिंतीला लावून चालायचं. वाटेत कुठंतरी एक कुलूप आहे, बरोबर त्या न दिसणाऱ्या मूर्तीच्या खाली. ते हाताला लागलं की मूर्तीशी नातं जुळलं. माझ्या पुढं शाळेच्या पोरी होत्या, खिदळत होत्या, आणि वळणावर एकदम गप्प झाल्या. मला भीती वाटली. भिंत गुळगुळीत, गार. पाय घासत चालले. आणि तेव्हा लक्षात आलं, आव्वा रोज सकाळी अशीच बस्तीत जाते. उंबऱ्याला पायाचं बोट लावून, मग डावीकडच्या खांबाला हात. एवढ्यात पुढं खडखड आवाज झाला, आणि माझ्याही हाताला ते कुलूप लागलं.

खरं सांगायचं तर मूर्ती लपवणं आपल्या विचारात बसत नाही. आपली जिनमूर्ती उघडी, वस्त्र नाही, शस्त्र नाही, झाकायचं काही नाही. ती काही देत नाही आणि काही घेत नाही. तिच्याकडं बघून आपण आपल्या आत बघायचं. म्हणून झेन्कोजीत पहिल्यांदा मला वाटलं, हे काय, देवाला कोंडून ठेवायचं! पण त्या अंधारात मला आपलाच विचार जास्त नीट कळला. मूर्ती निमित्त असेल, तर डोळेसुद्धा निमित्तच की. एक निमित्त गेलं तर दुसरं धरायचं.

इथं कुणी म्हणेल, मग लपवणंच चांगलं. तसं मी म्हणणार नाही, कारण कोयासानलाही जाऊन आले. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली स्थापलेलं ते डोंगरावरचं क्षेत्र. तिथल्या देवळात राहिले, जेवण कांदा-लसणाशिवायचं, आणि संध्याकाळी साडेपाचलाच ताट आलं. रात्रिभोजनाचा माझा नेम सुखानं पाळला गेला. कंदमुळं तेवढी बाजूला काढली. त्या डोंगरावर हजारावर वर्षं बायकांना बंदी होती. येणाऱ्या वाटांच्या तोंडाशी बायकांसाठी लहान लहान देवळं बांधली होती, तिथंच थांबायचं. त्यातलं आता एकच उरलंय. आणि त्या बायकांनी काय केलं? आत जाता येत नाही तर डोंगराच्या कडेकडेनं फिरल्या. त्या वाटेला आजही बायकांची वाट म्हणतात. वरून झाडांमधून देवळाचा कळस दिसला तर दिसला. सरकारनं १८७२ साली बंदी उठवली, पण बायका तिथं खरोखर रुळायला आणखी कितीतरी वर्षं लागली. जवळच्याच ओमिने डोंगरावर बायकांना आजही वर जाऊ देत नाहीत, आणि ते सगळं क्षेत्र २००४ पासून जागतिक वारसा म्हणून मिरवतंय.

इसेच्या महामंदिरात आणखी एक तऱ्हा. आरसा ही तिथली पवित्र वस्तू. ती चार कुंपणांच्या आत, कुणालाच दिसत नाही. दर वीस वर्षांनी मंदिर शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात, मागचं २०१३ साली झालं. आपल्यासारख्यांनी बाहेरच्या दारात, पांढऱ्या पडद्यासमोर उभं राहून दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचं. पण बांधकामासाठी देणगी दिली आणि रीतसर पोशाख केला, की एक कुंपण आत नेतात. हे कळल्यावर मला हसू आलं. पहिल्या कलशाचा सवाल आपल्याकडं कुणाच्या नावावर जातो, ते आपण सगळ्याजणी जाणतोच की.

म्हणून माझ्यापुरती कसोटी अशी ठरली. मूर्ती दाखवतात की लपवतात, हा प्रश्न दुय्यम. कुणाला दाखवतात आणि कुणापासून लपवतात, हे विचारायचं. झेन्कोजीत सगळ्यांपासून लपवलंय, म्हणून तिथं कुणी लहान होत नाही. ते देऊळ बायकांना पूर्वीपासून खुलं होतं, आणि आजही तिथल्या दोन प्रमुखांपैकी एक भिक्षुणी असते. पहाटे ती पूजेला जाताना वाटेत गुडघ्यावर बसलेल्या लोकांच्या डोक्याला आपली जपमाळ टेकवत जाते. माझ्याही डोक्याला टेकली. संग्रहालयात सगळ्यांना दाखवलंय, म्हणून तिथंही कुणी लहान होत नाही. कोयासानची जुनी बंदी मात्र लपवणं नव्हतंच. ते फक्त बायकांपासून लपवणं होतं. आपल्यातही काही बस्त्यांत बायका अभिषेक करतात, काहींत चालत नाही, आणि पंथापंथांत त्यावर वाद होतात. त्या वादात शास्त्राचे आधार देणाऱ्यांनी एकदा त्या डोंगराच्या कडेनं चालून यावं.

आता घरची गोष्ट. आमच्या गावच्या बस्तीचा जीर्णोद्धार झाला. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, असं गावोगाव चाललंय. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठशे वर्षं तशीच उभी आहे, छतातलं दगडी कमळ बघायला लोक लांबून येतात. आणि आपण गावातल्या जुन्या दगडाला फरशा चिकटवतो. आमच्याकडं जुने खांब काढले, एक मोठा हॉल केला, चकचकीत ग्रॅनाइट घातलं. नवी पांढरी संगमरवरी मूर्ती विराजमान झाली. जुनी काळी पाषाणाची मूर्ती शेजारच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवली, वर दिव्यांची पट्टी. हेतू चांगलाच होता, ती जपली जावी. पण काचेतल्या मूर्तीला अभिषेक नाही, म्हणून गंधोदक नाही. आव्वा जन्मभर तिचं गंधोदक डोळ्यांना लावत आली. आणि खांब गेल्यावर तिला गाभाऱ्याची दिशाच सापडेना. पहिल्या दिवशी ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, हात पुढं करून. हाताला लागायला काही नव्हतं.

एक बस्ती आम्ही डोळसांसाठी बांधली आणि एक संग्रहालय तिच्या पोटात. तोक्योतल्या संग्रहालयाला निदान कारण होतं. देऊळ गळत होतं, पोटाला नव्हतं. आमच्यावर कोणती वेळ आली होती?

त्या दिवशी मी आव्वाला अंधारातल्या कुलपाची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकली. विचारलं, "उघडतंय काय ते कुलूप?"

"नाही. नुसतं हाताला लागतं."

"मग झालं की," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात बस्तीच्या कमिटीची बैठक आहे. मी तीन गोष्टी लिहून देणार आहे. जुन्या मूर्तीपुढची काच काढा आणि आठवड्यातून एकदा तरी तिला अभिषेक होऊ द्या. दारापासून गाभाऱ्यापर्यंत भिंतीला हातभर उंचीवर एक लाकडी कठडा लावा. आणि जुने खांब मागच्या अंगणात पडलेत, त्यातला एक तरी आत आणून उभा करा, डावीकडं, पूर्वी होता तिथं. खर्च फार नाही. आव्वाला मी बैठकीला घेऊन जाणार आहे.